एक्सचेंजवाले भैया आणि आम्ही चौघी

काही गोष्टी उदबत्तीच्या रिकाम्या पुड्यांसारख्या असतात. एकेक करून फडताळात सारलेल्या असतात, लक्षातही राहत नाहीत, आणि एखाद्या दिवाळीला दार उघडावं तर सगळ्या एकदम अंगावर कोसळतात! आमच्या जयपूरच्या फोनच्या गोष्टी तशाच. कुणी नुसतं ‘फोन’ म्हणालं की मला एक सांगावीशी वाटते, आणि एक सांगितली की बाकीच्या तिच्यामागून येतातच.

साठ-एकसष्टच्या सुमाराची हकीकत. ह्यांची बदली जयपूरला झाली आणि सरकारी घराबरोबर एक काळा, जडच्या जड फोनही पदरात पडला. बनीपार्कात मराठी घरं मोजकीच. दर मंगळवारी आम्ही चौघी भजनाला जमायचो. मी, बँकेतल्या साहेबांच्या कमलताई, मेजरसाहेबांची इंदू, ती आमच्यात सगळ्यांत लहान, आणि विम्याच्या ऑफिसात असलेल्या मुलाकडे राहणाऱ्या गोदूकाकू. चौघींच्याही घरी फोन. दसऱ्याला आम्ही त्याला झेंडूचं फूल वाहायचो!

फोन वाजला की हात पुसायचे, पदर सावरायचा आणि मग उचलायचा. पलीकडच्याने काही विचारलं तर नीट, पूर्ण उत्तर द्यायचं. दारी आलेल्याला पाणी विचारतो ना आपण, तसंच ते. एवढी भारी वस्तू सरकारने घरात आणून बसवली, तिच्यातून कुणी लबाडी करील हे आमच्या मनात यायचं तरी कसं?

त्या थंडीत कमलताईंच्या सुधाचं लग्न ठरलं होतं. माघातला मुहूर्त. कमलताईंच्या आईच्या पाटल्या, गोठ, ठुशी आणि मोहनमाळ असं सगळं त्यांच्या वडिलांनी नागपूरहून स्वतः आणून दिलं होतं. मुलगी बोहल्यावर चढेपर्यंत हे सोनं अन्नपूर्णेच्या नजरेखाली घरातच राहील, असा कमलताईंचा नवस. म्हणून ते गव्हाच्या कोठीत ठेवलं होतं. बँकेतल्या साहेबांच्या घरचे दागिने, आणि बँकेत नाहीत! साहेब कपाळावर हात मारून घ्यायचे. पण नवस तो नवस.

*

पहिला फोन मलाच आला. आवाज तरुण, मऊ, अगदी अदबीचा.

“बहनजी, एक्सचेंज से बोल रहा हूँ. नया रजिस्टर बन रहा है. घर में कौन-कौन हैं?”

मी सांगितलं, “हमारे ये, मैं, दो बच्चे, और बालकृष्ण.”

“बालकृष्णजी काम पर कब जाते हैं?”

“वो कहीं नहीं जाते! सारा दिन घर में ही रहते हैं.”

“रात को?”

“रात को भी. हम कहीं गाँव जाते हैं, तब भी वो घर में ही रहते हैं.”

“सोते होंगे दोपहर को?”

“थोड़ी देर. मैं ही सुलाती हूँ.”

मग विचारलं, “उम्र कितनी है उनकी?”

मला खरं उत्तर ठाऊक होतं, पण रजिस्टरात ते मावेल का, अशी शंका आली. म्हटलं, “भैया, पाँच हज़ार तो होगी.”

फोन खाली! मी आपली हळहळले, बिचाऱ्याची लाइन कटली म्हणून. आमचे हे ऑफिसातून आल्यावर त्यांना सांगितलं तर ते चहाचा कप तसाच धरून बसले. म्हणाले, “आपल्या घरी आता कुणी चोर यायचा नाही. आला तर वेड्याच्या इस्पितळातूनच येईल.”

*

गोदूकाकूंचा किस्सा तर भजनानंतर आम्ही तीनदा सांगायला लावला.

त्यांना तोच फोन आला. मुलाचं नाव काय, कितीला जातो, सूनबाई दुपारी कुठे असतात. काकूंचं हिंदी म्हणजे मिरजेचं पाणी घातलेलं हिंदी! त्या म्हणाल्या, “सांगती मैं, सब सांगती. पहले तुम बोलो, तुम किसके?”

“जी?”

“गाव कौनसा तुम्हारा?”

तो म्हणाला, बस्सी. मग आई आहे का, वडील काय करतात, बहिणी किती, त्यांची लग्नं झाली का. काकू एकेक विचारत गेल्या आणि तो एकेकाचं उत्तर देत गेला. आईला दमा आहे म्हटल्यावर काकूंनी त्याला अडुळशाचा काढा सांगितला, तोही दोनदा, कारण पहिल्यांदा त्याला लिहून घ्यायला कागद मिळेना.

“और तुम्हारा खुद का लगीन?”

“नहीं हुआ, माँजी.”

“पगार कितना?”

तिथे मात्र त्याने फोन ठेवला. काकू आम्हाला म्हणाल्या, “मुलगा वाईट नाही गं. पगाराचं विचारल्यावर लाजला!”

*

इंदूकडची तऱ्हाच वेगळी. फौजेतल्या बायकांना शिकवलेलंच असतं, साहेब कुठे आहेत ते कुणालाही सांगायचं नाही.

तिला विचारलं, “मेजरसाब घर पर कब रहते हैं?”

“बता नहीं सकती.”

“मैडम, मेजरसाब ने खुद कहा है कि आपसे पूछ लूँ. अभी मेरे सामने बैठे हैं.”

“अच्छा? क्या कर रहे हैं?”

“चाय पी रहे हैं.”

इंदूने समोर पाहिलं. मेजरसाहेब सुटीवर होते आणि तिच्यासमोर चटईवर मांडी घालून मटार सोलत बसले होते!

इंदूने काय करावं? ती म्हणाली, “उनसे कहिए, चाय के बाद मटर भी छील दें.”

*

कमलताईंना मात्र त्याने ट्रंक कॉलचं सांगितलं. “नागपुर से पी.पी. कॉल है. जिनके नाम है, उनका पूरा नाम बोलिए, तभी लाइन जुड़ेगी.”

कॉल साहेबांच्या नावाचा. आणि कमलताईंनी लग्नाच्या दिवसापासून नवऱ्याचं नाव कधी साधं घेतलेलं नाही! इकडे नागपूरचा कॉल, वडिलांचं तर काही नसेल ना, म्हणून जीव खालीवर. सुधा कॉलेजात गेलेली. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि फोनमध्ये खड्या आवाजात नाव घेतलं:

“हवामहालाच्या जाळीतून वारा येतो गार,
दत्तात्रयरावांचं नाव घेते, जोडा लवकर तार!”

पलीकडून खोकल्याचा का हसण्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “वाह, बहनजी. और घर में कौन-कौन हैं?”

नागपूरचा कॉल काही लागला नाही. पण तोवर सुधाचं लग्न, मुहूर्त, पाहुणे कधी येणार, हे सगळं कमलताई सांगून बसल्या होत्या. आम्ही हसून हसून लोळलो. तेव्हा हसू येत होतं हो!

*

आणि मग समोरच्या माथुरांच्या घरी ते घडलं.

भर सकाळी माथुरबहनजींना फोन आला. माथुरजी स्कूटरवरून पडले, इस्पितळात नेलं आहे, ताबडतोब या. ती बाई बिचारी पायात चप्पलही न घालता धावली. दाराला नुसती कडी. इस्पितळात माथुरजी नव्हतेच. ते आपल्या ऑफिसात पापड खात बसले होते! दोघं घरी परतले तर कपाटं उघडी, चांदीची भांडी गेलेली, आणि देवापुढची समईसुद्धा. तेल खाली ओतून नेली होती मेल्यांनी.

बहनजी रडत रडत म्हणाल्या, “कितना मीठा बोलता था! पिछले महीने रजिस्टर वाला भी वही था, एक्सचेंज का.”

मी काकूंकडे बघितलं, काकूंनी इंदूकडे, आणि आम्ही तिघींनी कमलताईंकडे. त्या मटकन खाली बसल्या. “अगं बाई,” एवढंच म्हणाल्या. “मी त्याला मुहूर्तसुद्धा सांगितला गं!”

*

त्या संध्याकाळी ठाण्यातले इन्स्पेक्टर गल्लीतल्या घराघरांत येऊन बजावून गेले. “फोन पर किसी अनजान को कुछ मत बताइए. नाम नहीं, समय नहीं, गहना तो बिल्कुल नहीं!” कमलताईंनी देवाशपथ मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्यांचा फोन वाजला.

“थाने से बोल रहा हूँ. कल इन्स्पेक्टर साहब आए थे न?”

“जी, आए थे.”

“आपने किसी को कुछ बताया तो नहीं?”

“नहीं नहीं! बिल्कुल नहीं!”

“बहुत अच्छा किया. अब हिफ़ाज़त के लिए लिखना है, गहने कहाँ रखे हैं?”

आणि कमलताईंनी सांगितलं! गव्हाची कोठी, उजवीकडची, वरून हातभर खाली.

मंगळवारी हे ऐकताना इंदूच्या हातातले टाळ गळून पडले. “अहो ताई, अहो, असं कसं सांगितलंत!”

“अगं, पोलीस होते ते,” कमलताई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. “पोलिसांशी खोटं कसं बोलायचं?”

भजन राहिलं बाजूला. आम्ही चौघींनी त्याच दुपारी दार लावून कोठी उपसली. पदराला, केसांना, सगळीकडे गहू. दागिने बँकेत ठेवा म्हणून मी हात जोडले, पण कमलताई नवस मोडायला तयार नाहीत. “मुलीच्या संसाराला दोष लागेल, वहिनी.” शेवटी ते सोनं देवघरात नेलं. तिथे लाल कापडाच्या बासनांत गुंडाळलेल्या पोथ्यांची चळत असे. तळाच्या बासनातली पोथी काढली, तिच्या दोन लाकडी फळ्यांमध्ये दागिने बांधले, आणि वर बाकीच्या पोथ्या रचल्या. गोदूकाकूंनी आम्हा तिघींना देवीच्या पायांवर हात ठेवायला लावला, आणि स्वतःचाही ठेवला. कुणाला सांगायचं नाही. घरच्यांनाही नाही.

कमलताईंनी साहेबांना सांगितलं नाही. मी ह्यांना सांगितलं नाही. आणि मला वाटतं, त्या दोघींनीही कुणाला सांगितलं नसावं. माझा त्यांच्यावर विश्वास होता. आजही आहे.

*

आता शेवटची हकीकत. सुधाचं लग्न ठरल्या मुहूर्तावर, अंगावर सगळे दागिने घालून, आनंदात लागलं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा.

लग्नाला आठ दिवस होते. बुधवारी कमलताईंना जयपूरजवळच्या बगरू गावातल्या छपाईवाल्याकडून फोन आला, की आहेराच्या छापील चादरी तयार आहेत, उद्या सकाळी सगळ्यांनी येऊन रंग पसंत करा. चादरी सांगितलेल्या होत्याच, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. गुरुवारी सकाळी टॅक्सी दारात उभी राहिल्यावर कमलताईंच्या लक्षात आलं, की अन्नपूर्णेचा नैवेद्य राहतोय. तशाच माझ्याकडे धावत आल्या, किल्ली हातात कोंबली आणि गेल्या.

मी गुरुवारी नैवेद्य होईपर्यंत मौन धरत असे. डांगोरा पिटायची गोष्ट नव्हती ती. घरच्यांना ठाऊक, आणि भजनातल्या या तिघींना. मी त्यांच्याकडे गेले, दार आतून लावलं, भात चुलीवर ठेवला आणि देवीपुढे जप करत बसले.

अकराच्या सुमाराला बाहेरच्या खोलीत फोन वाजला. नातवंड रडलं की हात जातोच ना, तसा मी तो उचलला. उचलल्यावर आठवलं, आपलं मौन! तशीच कानाला लावून उभी राहिले.

पलीकडे तोच मऊ आवाज. ऐकल्याबरोबर ओळखला.

“पोचलास का?”

मराठीत! तुमच्याआमच्या घरात बोलतात तसं, स्वच्छ मराठी.

मला वाटलं, आपल्याला भास होतोय.

“बोलू नकोस, बरोबर आहे. नुसतं ऐक,” तो म्हणाला. “कोठीत आता काही नाही. देवघरात जा. पोथ्यांची चळत आहे, तिच्यातलं तळाचं बासन. वरच्या पोथ्या पाडू नकोस. घाई कर, बगरूहून दोनपर्यंत येतील ते.”

मी टेबल धरलं. चौघींचे चार हात देवीच्या पायांवर होते हो त्या दिवशी! आतमध्ये भात करपल्याचा वास यायला लागला होता. नैवेद्य अजून व्हायचा होता. तरी मी मौन मोडलं. देवी मला क्षमा करील.

“कोण बोलतंय?”

फोन त्याने ठेवला नव्हता. श्वास ऐकू येत होता. मग अगदी हळू, चुकल्यासारखा, तो म्हणाला,

“अहो... वहिनी? तुमचं तर आज मौन ना?”