वही उणे पाच रुपये

आज चिवड्यासाठी शेंगदाणे भाजायला घेतले. खमंग वास सुटला आणि मी कोलशेतच्या स्वयंपाकघरातून थेट डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत पोचले.

तेव्हा मी नववीत होते. सहामाहीत बीजगणितात नापास झालेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पेपर होता. आई शेंगदाणे भाजत होती, मी शेजारी फरशीवर बसून उदाहरण सोडवत होते. तीन पेनं आणि दोन वह्या एकोणीस रुपयांना, दोन पेनं आणि तीन वह्या एकवीस रुपयांना, तर प्रत्येकाची किंमत काढा. माझी वही आली उणे पाच रुपयांना.

"मी उद्या जाणारच नाही," म्हणत मी रडायला लागले.

बाबा नुकतेच कंपनीतून आलेले. त्यांनी उत्तर वाचलं आणि काढलेल्या चपला पुन्हा घातल्या. "अगं, पिशवी दे. वही घेतली की वर पाच रुपये देतो, असा दुकानदार सोडायचा?"

"बाबा, चेष्टा नको ना!"

"बरं, मग खरा भाव सांग."

रडता रडता हसू फुटलं. मागे जाऊन बघितलं, तर वजाबाकीत एक चिन्ह चुकलेलं. वही पाच रुपये, पेन तीन.

"गेला आपला धंदा," बाबा म्हणाले.

तेव्हा हसता हसता त्यांचा थोडा रागही आलेला. आज जाणवतं, दिवसभर मशीनपुढे उभं राहून आलेले बाबा 'उत्तर चुकलं' असं एकदाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पेपरला गेले. प्रत्येक उत्तर लिहिण्याआधी मनातल्या मनात दुकानात जाऊन आले, आणि पास झाले.