मानेवरचे केसतोड

बायकोच्या दहाव्याला नदीकाठी न्हाव्यानं माझं डोकं, मिशी, दाढी सगळं उतरवलं. घाईत होता. कातडी ताणून खालून वर, उलटा हात मारला. बाराव्यापर्यंत मानेवर केसतोड उठले. लाल, टणक, मधे काळा ठिपका. कॉलर लागली तरी डोळ्यांत पाणी. लोकांना वाटलं बायकोसाठी रडतोय. मी वाटू दिलं.

दुखणं जुनंच. माझी दाढी कुरळी. तुयेच्या औषधांच्या कारखान्यात गोळ्या भरायच्या खात्यात होतो, तिथं गालावर खुंट दिसला तर फाटकावरून घरी पाठवत. म्हणून रोज गुळगुळीत करायची. आणि सुट्टीच्या दिवशी इब्रामपूरच्या घरी बायकोसमोर मान वर करून बसायचं. जेवणघराच्या जनेलाशी, खिडकीतून उजेड येतो तिथं. ती सुई गॅसवर धरायची, मानेला खोबरेल चोळायची आणि आत वळलेला केस टोकानं उचलून बाहेर काढायची.

"हालू नकात. रेडो बरो तुमच्यापरस."

"दुखता गो."

"आनी तुमी बोलतास तेवा माका दुखणा नाय काय?"

केस निघाला की बोटावर घेऊन दाखवायची, गळाला मासा लागल्यासारखा. "बघा, केदो!"

नोकरी संपली तरी दाढीची सवय सुटली नाही, म्हणून सुईही सुटली नाही. आम्ही एरवी फार बोलणारी माणसं नव्हतो. म्हातारपणी तिचा हात माझ्या अंगाला लागायचा तो एवढ्याच कामासाठी.

बाराव्यानंतर मुलगा मला पेडण्याला डॉक्टरणीकडे घेऊन गेला. तिनं हातमोजे घालून मान चाचपली.

"केस कुरळा आहे, बाबा. मुळाशी कापला की त्याला टोक येतं आणि तो वळून परत कातडीत घुसतो. कातडीला वाटतं काटा रुतला, म्हणून ही सूज. आता महिनाभर दाढी करूच नका. मग मशीननं करा, थोडे खुंट ठेवून. ब्लेडच लावायचं तर गरम पाणी, नवं ब्लेड, आणि केस जातो त्याच बाजूनं. कातडी ताणायची नाही." मग तिनं बोट थांबवलं. "हे डाग सुईचे. कोण टोचतं?"

"बायको."

"त्यांना सांगा, सुई बंद. त्यानंच जास्त चिघळतं."

"सांगतो," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, आई गेली म्हणून सांगूचा हुता तिका."

"तू सांग जा. माज्या तोंडातसून येवक नाय."

डॉक्टरीण खोटं बोलली नव्हती. दाढी वाढवली तसे फोड बसत गेले. पुढं मशीन फिरवायला लागलो, तरी नवा एक उठला नाही. सून चहा देताना म्हणाली, "बाबा, मान कशी साफ झाली! आईंनी बघूक होयी हुती."

त्या दिवशी मी जेवलो नाही. एवढं सोपं होतं. नुसता हात थांबवायचा, थोडे खुंट ठेवायचे. पण मग जनेलाशी बसायला काही कारणच उरलं नसतं. हे मला आधी कोणी सांगितलं नाही तेच बरं झालं. आता साफ मान घेऊन मी काय करू? कोणाला दाखवू?

मागच्या आठवड्यात मशीन बाजूला ठेवलं. थंड पाणी, जुनं ब्लेड, कातडी ताणून खालून वर. मुद्दाम. दोन दिवसांत एक केसतोड आला, कंठाच्या बाजूला, तिला नेहमी सोपा जायचा त्या जागी.

सुनेनं बघितला. "बाबा, सुई खंय असा? मी काढू काय?"

"रावं दे."

सुनेनं सासऱ्याच्या गळ्याला हात लावायचा नाही हे तिला ठाऊक, मला ठाऊक. तरी बिचारी विचारून गेली. आणि खरं सांगायचं तर तिचा हात मला नकोच होता.

सुई आरशाच्या चौकटीत खोचलेलीच होती. गॅसवर धरली, चष्मा लावला, आरसा घेऊन जनेलाशी बसलो. मान वर केली तर आरसा दिसत नाही. आरसा बघायला गेलो तर मान वाकते. अंदाजानं टोचत राहिलो. रक्त आलं.

केस आतच आहे.