हॉर्न वाजला की मैदान बंद

जलालुद्दीनभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका गिऱ्हाइकाला थांबायची विनंती करत होते. कारण त्या गिऱ्हाइकाच्या स्कूटरच्या सीटवर कुत्रा झोपला होता.

सीटवर नवं काळं रेक्झिन चढवून झालं होतं आणि आतलं चिकटवायचं सोल्युशन सुकावं म्हणून भाऊंनी ती आपल्या सीट शिवायच्या दुकानापुढच्या बाकड्यावर उन्हात ठेवली होती. तांबूस रंगाचा एक कुत्रा तिच्यावर अंगाचं मुटकुळं करून पडला होता. गिऱ्हाईक म्हणजे आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, समितीचे अध्यक्ष देवाजीभाऊ. वीज केंद्रात बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेले, आवाज अजून बॉयलरजवळ उभं असल्यासारखाच.

“हे माही सीट हाय का कुत्र्याची गादी?”

“तुमचीच हाय जी. पण आत्ताच डोळा लागला त्याचा. चहा घ्या ना तवरिक.”

“म्हंजे त्याची झोप झाल्यावर मी घरी जायचं?”

“नाई जी, उठवतो ना. जनरल, ए जनरल! उठ बेटा, साहेब आले.”

जनरलने एक डोळा उघडला, साहेबांकडे पाहिलं आणि मिटून घेतला. भाऊंनी मग त्याला दोन्ही हातांनी अलगद उचललं, शेजारच्या पोत्यावर ठेवलं आणि सीट फडक्याने पुसून दिली. मी पिशवीचा तुटलेला बंद शिवून घ्यायला गेले होते. चामोर्शीच्या शाळेतून निवृत्त होऊन ऊर्जानगरजवळच्या या लेआउटमध्ये एकटी राहायला आले होते आणि दूधवाल्याशिवाय कुणाशी बोलणं होत नव्हतं. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी मी मोठ्याने हसले.

कुत्र्याचं नाव जनरल काऊन, असं मी त्यांच्याच बोलीत विचारलं. तेव्हा भाऊंनी सुई थांबवून नीट सांगितलं. वीज केंद्राच्या बस आमच्या कोपऱ्यावर थांबतात. पाळी संपवून उतरणारे कामगार डब्यात उरलेली पोळी-भाजी तिथल्या कुत्र्यांना टाकत. जो कुत्रा ज्या पाळीच्या बसला हजर, त्याचं नाव तेच. सकाळच्या पाळीचा फर्स्ट, जनरल पाळीचा जनरल, रात्रपाळीचा नाईट. पुढे एक मरतुकडं पिल्लू आलं. ते कोणत्याही बसला यायचं, म्हणून त्याचं नाव ओटी, म्हणजे ओव्हरटाइम.

या कुत्र्यांसाठी नाल्याकाठच्या मोकळ्या प्लॉटवर भाऊंनी एक गट उभा केला होता. तिथे बगीचा व्हायचा होता. तारेचं कुंपण झालं आणि बगीचा राहून गेला; सगळे त्याला मैदानच म्हणत. समितीची परवानगी घेऊन भाऊंनी कुंपण सांधलं, पाण्याचं टाकं बांधलं, टिनाचं शेड उभारलं. लोक आपले पाळीव कुत्रेही सकाळी तिथे मोकळे सोडू लागले. गटात रंजीता होती, ती केंद्राच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. बसचालक लोकेश होता. आणखी पाच-सात जण येऊन-जाऊन. कुत्र्यांना लस टोचायला न्यायचं, नसबंदीनंतर आठवडाभर त्यांच्याजवळ बसायचं, टाकं घासायचं, अशी कामं होती. मी सकाळी फाटकाशी बसू लागले. मुलांना पट्टा कसा धरायचा ते दाखवायचं, हे माझं काम. पट्टे भाऊंच्याच हातचे, सीटच्या उरलेल्या रेक्झिनचे, आतून मऊ फोम लावलेले.

भाऊंचे मैदानावरचे कपडे वेगळे असत. त्यांच्या घराबाहेर एका खिळ्याला ते टांगलेले. परतल्यावर ते कपडे उतरवून, हातपाय धुऊन, मगच ते नमाजाला उभे राहत. त्यांची बायको शमीमबाई मला म्हणाली होती, “आधी मी लय चिडायची बाई. कुत्र्याचा केस घरात नको म्हन्ली. तर दुसऱ्या दिवशी यानं स्वतःच खिळा ठोकला. भांडायले जागाच ठेवत नाई हा मानूस.”

दोन वर्षं असं चाललं. मग गणपतीच्या दिवसांत देवाजीभाऊंच्या मागच्या भिंतीवर बिबट दिसला.

आमच्याकडे जंगल भिंतीपलीकडेच आहे, त्यामुळे बिबट ही ऐकीव गोष्ट नाही. पण या वेळी तो तीनदा आला आणि तिसऱ्यांदा नाल्याकाठून एक कुत्रा घेऊन गेला. तो मैदानातलाच फर्स्ट होता. सकाळी रंजीताला त्याचा पट्टा सापडला. भाऊंनी तो हातात घेतला, शिवण पाहिली आणि खिशात ठेवला. दिवसभर दुकानात शिलाई मशीनचा आवाज आला नाही.

समितीची सभा झाली. देवाजीभाऊ ओरडले नाहीत, त्यामुळेच सगळे सावरून बसले.

“कुत्रे असन तिथी बिबट येते, हे मी नाई सांगून राह्यलो, जंगलवाले सांगतात,” ते म्हणाले. “माहा नातू आंगणात खेळते. उद्या काही झालं तर मी कोनाले विचारू? मैदान बंद करा. कुत्रे नाल्यापलीकडं सोडून द्या.”

त्यांचं चूक नव्हतं. पण नाल्यापलीकडे जंगलात सोडणं म्हणजे बिबटाच्या तोंडी देणं, हेही तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं.

जलालुद्दीनभाऊ उठले. “देवाजीभाऊ बरोबर बोलले. तुमच्या नातवापुढं माहे कुत्रे काहीच नाई. पण जंगलवाल्यायनं अजून एक सांगतलं. खरकटं पडू देऊ नका, झुडपं तोडा, कुत्रे दिवेलागनीच्या आत बंद करा. हे तिन्ही आमी करतो. दिवाळीपर्यंत टाइम द्या. दिवाळीले तुमी सगळे या आन् पाहा. एक जरी कुत्रा अंधार पडल्यावर बाहेर दिसला, तर मैदानाले कुलूप मी स्वतः लावीन.”

देवाजीभाऊंनी मान हलवली. “जबान दिली ना?”

“दिली.”

खरकटं आठवड्यात बंद झालं. कोपऱ्यावर झाकणाचा डबा आला आणि कामगारांनी ऐकलं. नाल्याकाठची घाणेरीची झुडपं आम्ही सगळ्यांनी मिळून तोडली. माझ्या हातांना तिचा उग्र वास कितीतरी दिवस येत होता. शेडला मजबूत जाळीचं दार बसलं. संध्याकाळी भाऊ हाका मारायचे आणि कुत्रे शेडमध्ये यायचे. सगळे यायचे. नाईट मात्र यायचा नाही.

नाईट काळा, उंच, कान फाटलेला. त्याचा जन्म रात्रपाळीत गेलेला. बाकीचे आत जायला लागले की तो बाहेर निघायचा. रंजीताने कॅन्टीनची गरम पोळी दाखवली; त्याने ती सभ्यपणे घेतली आणि नाल्याकडे चालू लागला. भाऊंनी दोरी लावून पाहिली. त्याने मान मागे ओढून पट्ट्यातून डोकं काढून घेतलं. “माह्याच हातचा पट्टा हाय, त्याले सगळी शिवन मालूम हाय,” भाऊ म्हणाले. पण हसले नाहीत. दिवाळी आठवड्यावर आली होती. एका नाईटपायी सगळेच बाहेर जाणार होते.

त्याच आठवड्यात लोकेश बस घेऊन दुकानापाशी आला. मागची एक सीट इतकी फाटली होती की ती बदलूनच टाकायची होती. गाडी उभी करून त्याने भाऊंना बाहेर बोलवायला हॉर्न दिला, दोन सुरांचा, लांबलचक. भाऊ बाहेर आले. आणि नाल्यापलीकडून, भर दुपारी, नाईट धावत आला. बसच्या दाराशी उभा राहून शेपटी हलवू लागला.

भाऊ बसकडे न जाता त्याच्याकडेच पाहत राहिले. मग मला म्हणाले, “बाई, पाहा ना. हा मानसाच्या हाकेले येत नाई. हा बसले येते.”

लोकेशने गॅरेजमधून तसलाच एक काढून टाकलेला हॉर्न रीतसर विचारून आणला. भाऊंनी तो मोटारसायकलच्या जुन्या बॅटरीला जोडला आणि मैदानाच्या फाटकावर बसवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे शेडपाशी दार धरून उभे राहिलो. भाऊंनी बटण दाबलं.

नाईट आला. नाल्याकडून सुसाट आला, फाटकासमोरून तसाच पुढे गेला आणि कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन बसला. हे पाहून आधीच शेडमध्ये गेलेले जनरल, ओटी आणि बाकीचे आमच्या पायांमधून बाहेर निघाले आणि त्याच्यामागे ओळीत जाऊन बसले. हॉर्न वाजला म्हणजे बस थांब्यावर येणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सगळे रस्त्याकडे तोंड करून, एकही भुंकत नव्हता.

देवाजीभाऊ नातवाला घेऊन तिकडूनच येत होते. ते थबकले.

“काऊन जी जलालुद्दीनभाऊ? पूर्ण क्लब ड्यूटीवर निघाला वाटते!”

रंजीता पोट धरून हसायला लागली. मीही. देवाजीभाऊंचा नातू म्हणाला, “आबा, यायची बस कवा येते?” आणि देवाजीभाऊंनाही हसू आवरलं नाही. एकटे भाऊ हसले नाहीत. ते थांब्यावर गेले, नाईटशेजारी दगडावर बसले आणि तो जिकडे पाहत होता तिकडे पाहू लागले. अंधार पडू लागला तेव्हा बाकीचे हाकेने परतले. नाईट बसूनच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानावरून गेले तर लोकेशच्या बसची ती फाटकी सीट तिथे नव्हती. नवी बसवून झाल्यावर जुनी भंगारात जायची होती. लोकेशने ती तिथेच सोडली होती. भाऊंनी आणि रंजीताने ती हातगाडीवर घालून मैदानात नेली आणि शेडच्या आत, दारासमोर ठेवली. भाऊंनी तिचा वरचा कपडा बदलला नव्हता. मी विचारलं, हातचं काम असून फाटकी कशी ठेवली? म्हणाले, “नवा कपडा टाकला तर वास जाईन ना बाई. इतक्या वर्षांचा कामगारायचा घाम हाय याच्यात, डब्याचं तेल हाय. त्याले बस पाह्यजे. अख्खी बस तर मी आनू शकत नाई, सीट आनली.”

हॉर्नही त्यांनी फाटकावरून काढून शेडच्या आत, सीटच्या वर टांगला.

त्या संध्याकाळी हॉर्न शेडमधून वाजला. नाईट धावत आला, फाटकापाशी थांबला. नाक वर केलं. थांब्याकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं. मग तो सावकाश आत आला, सीट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हुंगली, वर चढला, तीनचार गिरक्या घेतल्या आणि बसला. जनरल त्याच्यामागून चढला. भाऊंनी दार लावलं, कडी घातली आणि जाळीला कपाळ टेकवलं. नंतर मशिदीतून अजान ऐकू आली आणि ते घाईने कपडे बदलायला घराकडे गेले.

दिवाळीला समिती आली. देवाजीभाऊ सर्वांत पुढे, हातात टॉर्च. हॉर्न वाजला, कुत्रे आत गेले, दार लागलं. देवाजीभाऊंनी नाल्याभर टॉर्च फिरवून पाहिला. काही नव्हतं. मग तो जाळीतून आत मारला. नाईट सीटवर झोपला होता. त्याने एक डोळा उघडला, अध्यक्षांकडे पाहिलं आणि मिटला.

“उठवू नका,” देवाजीभाऊच म्हणाले. “आत्ताच डोळा लागला असन.”

ते हे मुद्दाम बोलले की सहज, मला सांगता येणार नाही. भाऊ मात्र त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

हिवाळाभर बिबट आमच्या बाजूला आला नाही. पुढेही येणार नाही असं कुणी म्हणत नाही; जंगल आहे तिथेच आहे. पण देवाजीभाऊंचा नातू अंगणात खेळतो आणि हॉर्न वाजला की स्वतःच घरात पळतो. लेआउटमधल्या बायका हॉर्नवर दिवा लावतात. मला चहाची वेळ त्यावरून कळते, आणि चहाला हल्ली कुणी ना कुणी असतं.

फेब्रुवारीत रमजान लागला. मैदान बंद करायची वेळ आणि रोजा सोडायची वेळ एकच. मागच्या वर्षी भाऊ संध्याकाळी टाकं भरून निघताना फाटकातच खजूर तोंडात टाकायचे आणि धावत सुटायचे. या वर्षी पहिल्या रोज्याच्या आदल्या दिवशी देवाजीभाऊ दुकानात आले.

“महिनाभर हॉर्न मी वाजवतो.”

“तुमी? कुत्रे ऐकतीन का तुमचं?”

“मानसाचं ऐकतच नाई ना ते! बटन दाबाले काय अक्कल लागते? तुमी घरी बसून आरामात खजूर खा.”

त्यांनी महिनाभर हॉर्न वाजवला. गरजेपेक्षा बराच लांब वाजवला. ईदच्या दिवशी शमीमबाईने त्यांच्याकडे शीरखुर्म्याचा डबा पाठवला आणि माझ्याकडेही. माझ्या डब्यावर रेक्झिनचा एक छोटा तुकडा बांधलेला होता, झाकण उघडू नये म्हणून. तो मी काढून ठेवला आहे. या वयात, नव्या जागी, मला माणसं मिळाली ती या एका माणसामुळे. हे त्यांना तोंडावर सांगितलं तर ते मशीन सुरू करतील, म्हणून लिहून ठेवते.

जलालुद्दीनभाऊंचं दुकान आता सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी बंद होतं, गिऱ्हाईक उभं असलं तरी.