थांबलेल्या बाह्या

आठवडी बाजारात तिच्याकडे पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक हमखास बुचकळ्यात पडायचं. दोरीवर ओळीने स्वेटर टांगलेले, लाल, मोरपंखी, मोहरीच्या रंगाचे, वीण अशी की नुसतं बोट फिरवत राहावं. पण एकाचीही बाही पूर्ण नाही. प्रत्येक बाही मनगटाच्या चार-पाच बोटं अलीकडे येऊन थांबलेली, सुटे टाके एका मोठ्या सेफ्टी पिनेत अडकवलेले आणि खाली लोकरीचा लहानसा गुंडा लोंबतोय.

"अहो, हे तर सगळे अर्धवट आहेत," गिऱ्हाईक म्हणायचं.

"अर्धवट नाहीत, थांबलेत," ती म्हणायची. "हात कुठाय? हात आणा आधी."

हात म्हणजे ज्याला स्वेटर घालायचा त्याचा. मग पोराला पुढे ढकललं जायचं. ती त्याच्या अंगात स्वेटर चढवायची, हात सरळ करून बघायची, वाकवून बघायची, मनगटाच्या हाडावर अंगठा टेकवायची आणि आईबापांना सांगायची, "जा, बाकीचा बाजार उरकून या." मध्येच एकदा घालून बघावं लागे, म्हणून पोर तिच्याच गोणपाटावर बसायचं, सुयांकडे टक लावून. आईबाप पिशव्या भरून परतायचे तेव्हा दोन्ही बाह्या नेमक्या मनगटावर आलेल्या असायच्या. "अंग एका चालीनं वाढतं, हात दुसऱ्या चालीनं," असं तिचं म्हणणं होतं. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात, ही हात पाहून बाही विणायची. म्हणून तिचं नावच पडलं होतं बाहीवाली मावशी.

तिच्या शेजारी आरसेवाला बसायचा. हे शेजारपण दोघांच्या पथ्यावर पडलं होतं. तिचा स्वेटर घालून माणूस त्याच्या आरशात बघायचा आणि त्याच्या आरशात बघायला आलेल्याला मागच्या दोरीवरचे रंग दिसायचे.

"हातच्या कंकणाला आरसा लागत नाही म्हणतात," आरसेवाला हाका मारायचा, "पण मावशींच्या बाहीला लागतो! या, बघून घ्या, बघायला पैसे पडत नाहीत!"

"तुम्हीही कधीतरी बघा की त्यात," मावशी सुया न थांबवता म्हणायची. "दाढी करायची आठवण होईल."

सणाचे दिवस जवळ आले की बाजाराला वेगळीच कळा यायची. सकाळचं धुकं अजून जमिनीवर असतानाच घोंगड्या-रजयांचे ढीग लागायचे, खेळणीवाल्याच्या पत्र्याच्या बेडकांची टकटक सुरू व्हायची, चहाच्या किटलीभोवती लोक हात शेकत उभे राहायचे. नवं कोरं काहीतरी घेऊन घरी जायचं, या एका विचाराने माणसं थंडीतही रेंगाळायची. मावशीला ते रेंगाळणं फार आवडायचं.

फक्त ती थंडी आता तिला परवडेनाशी झाली होती. गेल्या हिवाळ्यात जमिनीचा गारठा गोणपाटातून वर चढायचा आणि दुपारपर्यंत बोटं लाकडासारखी व्हायची. हातून टाके गळायचे. एकदा सुईच निसटून पडली आणि ती उचलायला बोटं मिटेनात, तेव्हा नेमकी लेक समोर उभी होती.

लेक जवळच्या शहरातल्या मॉलमध्ये भेटवस्तू बांधून देण्याच्या टेबलावर कामाला होती. चमचमता कागद, फिती, खोके यांत दिवसभर तिचे हात चालायचे. कितीही वेडीवाकडी वस्तू असो, ती अशी बांधायची की आत काय आहे याचा पत्ता लागू नये. त्या दिवशी तिने सुई उचलून आईच्या हातात दिली, आणि यंदा थंडी सुरू होताच तिने विषय काढला.

"सणाच्या आठवड्यात मॉल हाताने वस्तू करणाऱ्यांना टेबल देतोय. मी तुझं नाव घातलंय. आत ऊब असते, खुर्ची असते. तिथे जमलं तर खुशाल वीण. नाही जमलं तर सुया गुंडाळून ठेवायच्या. त्या गारठ्यात मी तुला पुन्हा बसू देणार नाही."

"म्हणजे तू मला धमकावतेस."

"हो. आई झालीस म्हणून काय झालं."

मावशी हसली खरी, पण सुया नसलेला दिवस कसा असतो हे तिला आठवतही नव्हतं. आजारपणातही उशीखाली सुया असायच्या. तिने आरसेवाल्याला जागा सांभाळायला सांगितलं. आठवडी बाजारात जागा रिकामी दिसली की दुसरा कोणीतरी पथारी टाकतो, आणि मग भांडत बसा. आरसेवाल्याने आपला सर्वांत मोठा आरसा तिच्या जागेवर उभा केला.

"कोणी बसायला आलाच तर त्याला आधी स्वतःचं तोंड दिसेल," तो म्हणाला. "लाजून पळेल."

मॉलचं काचेचं दार आपोआप उघडलं तेव्हा मावशी दचकून एक पाऊल मागे सरली, दार मिटलं. ती पुढे झाली, ते पुन्हा उघडलं. "काय गं, ओळखतं की काय मला?" ती लेकीला म्हणाली. आत छतापासून कापसाचा बर्फ लोंबत होता, चांदण्यांच्या माळा लुकलुकत होत्या, सरकत्या जिन्यावरून माणसं जागच्या जागी उभी राहून वर जात होती. मावशीला ते सगळं मनापासून आवडलं. इथेही माणसं रेंगाळत होती. बाजारासारखीच एकमेकांना म्हणत होती, "हे बघ, हे बघ." तासाभरात तिची बोटं तव्यावरच्या लोण्यासारखी मऊ झाली. खुर्चीला पाठ होती. तिने मान डोलावली. लेकीचं खरं होतं.

तिला एक मात्र खटकलं. लेकीचं टेबल अगदी त्या आपोआप उघडणाऱ्या दाराशी होतं. दार उघडलं की बाहेरच्या वाऱ्याचा झोत थेट लेकीच्या अंगावर यायचा, आणि गणवेशाच्या अर्ध्या बाह्यांमधून तिचे हात लालसर दिसत होते.

"तुझा स्वेटर कुठाय?"

"कुठला? शाळेतला? तो कधीच गेला. आणि तो तरी धड कुठे होता? 'दोन वर्षं पुरेल' म्हणून तू बाह्या एवढ्या लांब केल्यास की मी त्या दुमडूनच फिरायचे. साऱ्या बाजाराच्या बाह्या मापात, आणि दिव्याखाली अंधार."

मावशी लेकीच्या मनगटांकडे बघत राहिली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

गिऱ्हाईक पुष्कळ आलं आणि पुष्कळ गेलंही. एका बाईने तीन स्वेटर एकदम उचलले. "भावाच्या मुलांसाठी. ती लांब राहतात, कुरिअरने पाठवायचेत."

"मग मुलं?"

"मुलं कशी येतील? म्हणून तर पाठवायचेत."

"हातांशिवाय बाही कशी करू, बाई?"

बाईने पिनेतले सुटे टाके पाहिले, स्वेटर जागेवर ठेवले आणि पुढच्या दुकानात गेली. एका तरुणाला मैत्रिणीला अचानक भेट द्यायची होती. "तिलाच आणलं तर अचानक कसलं, मावशी?" तो हसत म्हणाला आणि मोजे घेऊन गेला. संध्याकाळी मजल्याचे साहेब आले. वयाने कोवळे, कमरेला वॉकीटॉकी, बोलणं मऊ. "मावशी, माल सुंदर आहे. पण अपुरा माल टेबलावर ठेवता येत नाही."

"अपुरा नाही, साहेब. थांबलाय."

"इथे थांबायला वेळ नसतो कोणाला," साहेब अवघडून म्हणाले.

परतीच्या बसमध्ये लेक खिडकीबाहेर बघत होती. "आई, इथे मापं नंबरात असतात. आठ वर्षांचं, दहा वर्षांचं. लेबल लावायचं, झालं."

"आठ वर्षांचा हात केवढा असतो?"

"पाकिटावर लिहिलेला असतो तेवढा."

"हाताला पाकीट वाचता येतं का गं?"

"आई!"

मग मावशीने लेकीसाठी तेही केलं. पुढचे दोन दिवस मान वर न करता तिने बाह्या पूर्ण केल्या, लेबलं लावली, टाके बंद केले. आणि माल खपला. लोक यायचे, नंबर बघायचे, घ्यायचे. लेक तिकडे दाराशी एकेक स्वेटर चमचमत्या कागदात गुंडाळताना आईकडे बघून डोळे मिचकावायची. मावशीही हसायची. पण आपण कोणासाठी विणलं ते तिला समजत नव्हतं. एकाही मनगटाचं हाड तिने चाचपलं नव्हतं. उबेत बोटं मोकळी होती, आणि ती मांडीवर नुसती पडून होती.

चौथ्या दिवशी एक आजोबा नातीचं बोट धरून परत आले. नातीने स्वेटर घातला होता आणि बाह्यांतून तिची बोटंही दिसत नव्हती.

"बाई, लेबलावर आठ आहे. ही आठचीच आहे," आजोबा तक्रारीच्या सुरात म्हणाले. "यातलं खोटं कोण?"

"दोघंही खरी," मावशी म्हणाली. तिचे डोळे लकाकले. "हात हलका सोड, बाळ. आता वाकव. शाबास. तुम्ही जा, आजोबा, फिरून या." तिने बाहीचा शेवटचा टाका शोधला, सर्रकन धागा ओढला आणि बाही उसवत नेली. नात खुर्चीजवळ जमिनीवर बसली. "दुखतं का त्याला?" तिने विचारलं. "गुदगुल्या होतात," मावशी म्हणाली.

ते पाहून आणखी एक पोर येऊन बसलं. मग दोन बहिणी आल्या. आपल्या मुलाच्या बाह्याही बेतून मिळतील असं कळल्यावर आईबाप रांगेने उभे राहिले, आणि "मुलं इथे बसूदेत, तुम्ही फिरून या" हे ऐकल्यावर त्यांचे चेहरे असे खुलले की विचारू नका. बाजारात आईबाप हाकेच्या अंतरावर असायचे. इथे ते थेट वरच्या मजल्यावर, काही तर सिनेमाला. थोड्याच वेळात टेबलाभोवती पोरांची जत्रा भरली. एकाने कापसाचा बर्फ खाऊन पाहिला. एक चिमुरडा अर्ध्या बाहीचा स्वेटर घालून सरकत्या जिन्यावर चढला, आणि मागे लोकरीचा गुंडा पायरी पायरीने उलगडत गेला. जिना थांबवावा लागला. भोंग्यावरून घोषणा झाली, "मोरपंखी स्वेटर घातलेल्या बाळाच्या पालकांनी असतील तिथून तळमजल्यावर यावं."

पोर सुखरूप होतं, त्याला तर आणखी एक फेरी हवी होती. पण साहेब पांढरेफटक पडले होते.

"मावशी, उद्यापासून फक्त तयार माल. लेबलाचा. नाहीतर टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल. जिन्यात धागा अडकून पोराला काही झालं असतं तर?"

"तुमचं बरोबर आहे," मावशी म्हणाली, आणि ते मनापासून म्हणाली. सगळ्या पोरांच्या बाह्या पुऱ्या करून, शेवटच्या आईच्या हातात शेवटचं पोर देऊन तिने सुया कापडात गुंडाळल्या. साहेब जाता जाता घुटमळले. "मावशी, तो तुमचा बाजार कुठल्या दिवशी असतो?"

तिने दिवस सांगितला आणि गाठोडं काखेत मारलं.

बसमध्ये ती लेकीला म्हणाली, "तुझं खरं गं. सुया ठेवून देते."

"कशाला? लेबलाचे वीण ना. ऊब आहे, माल खपतोय."

"खपतोय. पण लेबलासाठी माझे हात चालत नाहीत. आणि गारठ्यात बसायचं नाही असं आपलं ठरलंय. मी शब्द मोडणार नाही."

आई भांडेल, रुसेल, हट्ट धरेल याची लेकीने तयारी ठेवली होती. आई इतक्या सहज मान्य करेल असं तिला वाटलं नव्हतं. घरी आल्यावर सुयांचं गाठोडं मावशीने कपाटात ठेवलं. सकाळी चहा पिताना तिची बोटं पदराच्या काठावर उलटा-सुलटा टाका घालत होती. तिला त्याचा पत्ता नव्हता; लेक बघत होती.

बाजाराच्या दिवशी मावशी आरसेवाल्याला सांगायला म्हणून गेली. आता जागा सांभाळू नका, एवढंच सांगायचं होतं. हातात पिशवीही नव्हती. धुक्यातून तिला तो मोठा आरसा दिसला, आणि आरशासमोर गुडघ्यांवर बसलेली कोणीतरी. जवळ गेली तर लेक! सुट्टी टाकून आलेली. तिने मॉलमधले रिकामे खोके चपटे करून एकावर एक अंथरले होते, मध्ये काचसामानाला गुंडाळतात त्या फुगेवाल्या प्लास्टिकचे थर, वर पुन्हा पुठ्ठा. कडा चिकटपट्टीने नेटक्या बंद केल्या होत्या. पाठ टेकायला एक भरलेला खोका, वारा अडवायला दोन बाजूंनी उभे पुठ्ठे. सुयांचं गाठोडं मधोमध ठेवलेलं, आणि शेजारी गरम पाण्याची रबरी पिशवी.

"हे काय गं?"

"नाजूक माल असला की आम्ही असाच बांधतो," लेक चिकटपट्टी दातांनी तोडत म्हणाली. "फुग्यांत हवा असते, ती गारठा वर येऊ देत नाही. मी अर्धा तास बसून पाहिलंय. गारठ्यात बसायचं नाही असं ठरलं होतं ना? मग हा घे तुझा बिनगारठ्याचा तुकडा."

"अहो, सकाळपासून मला हात लावू देत नाही पुठ्ठ्याला," आरसेवाला म्हणाला. "म्हणते, तुम्ही वाकडा घालाल. कोणावर गेलीय कोण जाणे!"

मावशी आत बसली. खालून फुगे फटफट फुटले आणि दोघी हसत सुटल्या. मग खरंच, गारठा वर आलाच नाही. पाण्याच्या पिशवीवर तळवे टेकवून तिने बोटं एकेक करून मिटली आणि उघडली.

"बोटं पुन्हा आखडली तर?" लेकीने विचारलं. आता आवाजात धमकी नव्हती.

"तर मीच सांगेन तुला. लपवणार नाही."

बाजार अजून भरायचा होता. मावशीने गाठोडं सोडलं. सुयांच्या खाली घडी केलेला एक गडद निळा स्वेटर होता, मोठ्या माणसाचा, बाह्या कोपराच्या जरा खाली थांबलेल्या. दाराशी लाल झालेले हात पाहिल्यापासून, रोज रात्री लेक झोपल्यावर तिने तो विणला होता. या दोन दिवसांत लेकीने गाठोडं उघडून बघितलं नसावं.

"घाल," ती म्हणाली. "आणि हात आण इकडे."

लेकीने स्वेटर चढवला आणि हात पुढे केला. मावशीने तो सरळ करून पाहिला, वाकवून पाहिला, मनगटाच्या हाडावर अंगठा टेकवला.

"यंदा दोन वर्षं पुरेल असा करू नकोस," लेक म्हणाली.

"नाही गं. आता तू कुठे वाढतेस," मावशी म्हणाली, आणि पिनेतला पहिला टाका तिने सुईवर घेतला.