टिक कुणी काढली

गुडगावातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नवीनच लागले होते. पहिलं मोठं काम मिळालं ते मानेसरच्या एका कारखान्याचं. कामगारांच्या बससाठी वेबपेज करायचं होतं. कामगाराचं पान उघडलं की बसथांब्यांची लांबलचक यादी यायची, आणि त्यानं आधी निवडलेल्या थांब्यांवर आपोआप टिक दिसायला हवी होती. माझ्या टेस्टिंगमध्ये ती दिसत होती.

कारखान्यात हे पान एक बाई सांभाळायच्या. वयानं माझ्या आईएवढ्या, कॉम्प्युटर नुकताच शिकलेल्या. पेज सुरू होऊन महिना झाला नसेल, तोच तक्रारी आल्या. डिसेंबरच्या धुक्यात माणसं थांब्यावर उभी आणि बस न थांबताच पुढे गेलेली. त्यांच्या नावापुढचे निवडलेले थांबेच गायब झाले होते. कारखान्याच्या मॅनेजरनी मला आणि बाईंना समोरासमोर बसवलं.

"मैंने कुछ नहीं हटाया, सर. सिर्फ फोन नंबर बदला था," बाई म्हणाल्या.

"गलती से टिक निकल गई होगी," मॅनेजर म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. "सिस्टिम तो ठीक है ना?"

"देखती हूँ," मी म्हणाले. तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सापडलं. कामगाराचा साठवलेला थांबा आणि यादीतला थांबा, दोन्हींचं नाव एक, कोड एक. पण प्रोग्रामच्या लेखी त्या दोन वेगळ्या नोंदी होत्या. कोड सारखा असेल तर दोन्ही एकच समज, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्यामुळे पान नव्यानं उघडलं की एकही टिक उमटत नव्हती, आणि बाईंनी कामगाराचा फोन नंबर बदलून सेव्ह केलं की थांबे कोरेच साठवले जात होते. टेस्टिंगमध्ये मी थांबे निवडून पान बंद न करताच बघत होते, म्हणून मला टिक दिसत होती.

मी प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या आणि मॅनेजरना मेलमध्ये लिहिलं, किरकोळ सुधारणा केल्या आहेत.

मयूर विहारला घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते सरकारी नोकरीतले, शिस्तीचे. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्या बाईंना कळवलंस का?"

"कळवते."

त्यात मी तीन आठवडे घालवले. रोज वाटायचं, नोकरी नवी आहे, उद्या बघू.

शेवटी मानेसरला गेले, तेव्हा बाई गेटवर पास लिहीत होत्या. कॉम्प्युटर त्यांच्याकडून काढून घेतला होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, चूक माझी होती. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मुझे लगा मेरा ही दिमाग काम नहीं कर रहा," त्या म्हणाल्या. "घर पे भी गैस दो-दो बार देखने लगी थी."

मी तशीच मॅनेजरकडे गेले. "अच्छा? चलो, अब तो ठीक हो गया ना," म्हणून त्यांनी फाईल ओढली. बाईंना परत कॉम्प्युटरच्या कामावर घ्या, असं मी दोनदा म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण घेतलं नाही. मीही तिसऱ्यांदा म्हणाले नाही.