अण्णासोंची गाडी पुढं, अण्णासो मागं

अण्णासो कुरणे सिटी बस चालवायचे आणि मी, बाळासो, त्यांच्या गाडीवर कंडक्टर. एक्क्याण्णव सालापासून पुढं सतरा वर्षं आमची जोडी होती. त्यांची उंची पाच फूट एक इंच. बसच्या सीटवर घरून आणलेली उशी टाकून बसले की मात्र माणूस बदलायचा. त्यांचा हॉर्न ऐकून रिक्षावाले न सांगता कडेला जायचे.

अडचण यायची ती ड्युटी सुटल्यावर. त्या काळच्या मोटारसायकली उंच. चालत्या गाडीवर अण्णासो झकास, पण थांबले की पाय टेकायचे नाहीत. एक पाय टेकवायला गेले की गाडी त्या बाजूला कलायची आणि अण्णासो तिच्यासोबत खाली जायचे. दसरा चौकात ते असे तीनदा गेले. तिसऱ्या वेळी त्यांना उचलताना ट्रॅफिक हवालदार म्हणाला, "अण्णा, आज बी?"

त्या दिवशी त्यांनी मोटारसायकल मेव्हण्याला देऊन टाकली आणि सायकलीएवढी बुटकी लुना घेतली. चाळीस माणसांची बस फिरवणारा गडी लुनावरून डेपोत यायचा. आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण जरा कमी.

दोन हजार दोन साली गावात नव्या तऱ्हेच्या गाड्या आल्या. लांबोड्या, सीट खाली बसलेलं, हँडल शिंगासारखं रुंद, पाय पुढं पसरून आरामखुर्चीत बसल्यागत बसायचं. त्यांना क्रूझर म्हणायचे. दिसायला सुस्त, पण मूठ पिळली की मागून कुणीतरी ढकलल्यागत पळायच्या. कॉलेजची पोरं शोरूमच्या काचेला नाक लावून उभी राहायची.

एके दिवशी ड्युटी सुटल्यावर अण्णासो खाकी कपड्यातच शोरूममध्ये शिरले. मी सोबत होतो. ते गाडीवर बसले आणि खाली बघत राहिले. दोन्ही पाय फरशीवर. टाचांसकट.

"बाळासो," ते हळूच म्हणाले, "टेकलं."

पुढची वीस मिनिटं ते तसेच बसून होते. शोरूममधल्या पोरीनं दोनदा पाणी आणून दिलं. शेवटी ती म्हणाली, "काका, दुसऱ्या गिऱ्हाइकाला बघायचीय."

"त्यास्नी दुसरी दावा की. ही माझी हाय."

गाडी घरी आली तेव्हा नवीन घोळ कळला. पाय जमिनीला टेकत होते, पण फूटरेस्ट इतकं पुढं होतं की तिथं पोचायला अण्णासोंना सीटवरून घसरावं लागायचं. मग उद्यमनगरातल्या केरबा वेल्डरनं फूटरेस्ट चार बोटं मागं घेऊन दिलं. मागच्या नंबरप्लेटवर 'जय भीम' लिहून झालं. अण्णासोंनी लालभडक हेल्मेटही घेतलं. कोल्हापुरात तेव्हा हेल्मेट घालणारा माणूस म्हणजे एकतर परगावचा नाहीतर टक्कल लपवणारा. अण्णासोंना दोन्ही ऐकून घ्यावं लागलं.

पण गाडीचा रुबाब असा की टवाळी टिकली नाही. सिद्धार्थनगरातून निघाले की पोरं मागं पळायची. चौकात थांबले की शेजारचा गाडीवाला ठरलेला प्रश्न विचारायचा, "ॲव्हरेज किती देती?"

अण्णासो म्हणायचे, "जेवायला बसलेल्या पावण्याच्या भाकरी मोजत्यात व्हय?"

डेपोत मात्र ते गाडी आणायचे नाहीत. वर्कशॉपचे सगळे मेकॅनिक 'एक राउंड द्या की' म्हणून वाटच बघत बसलेले. मीही त्यातलाच. म्हणून पहाटेच्या पहिल्या पाळीला ते स्टाफला आणणाऱ्या बसनं यायचे आणि क्रूझर घराच्या पडवीत झाकून ठेवायचे.

सहा महिन्यांनी त्यांना शंका आली. गाडीचं मीटर पुढं सरकत होतं. पहिली पाळी असली की रोज बारा-तेरा किलोमीटर. त्यांनी घरात कोर्ट भरवलं. लेक शिवानी कॉलेजात, तिच्यावरच संशय.

"तू चालवतीस?"

"आईशप्पथ, मी कॉलेजला कवा न्हेली न्हाय गाडी," शिवानी म्हणाली.

तिची आई, म्हणजे आमच्या तानूवैनी, शेजारीच मेथी निवडत बसलेल्या. राजारामपुरीत एका दातांच्या दवाखान्यात त्या मदतनीस होत्या. शांत बाई. त्यांनी मान वर केली नाही.

"मीटरच खुळं झालंय," अण्णासोंनी निकाल दिला.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळचे पावणेदहा. आम्ही बागल चौकातून राजारामपुरीत शिरलो होतो. बस खच्चून भरलेली. मी पुढच्या दाराशी तिकिटं फाडत होतो. इतक्यात उजवीकडून धडधडत एक मोटारसायकल आली आणि बसला मागं टाकून पुढं गेली. मी बघितलं आणि माझा तिकिटाचा पंच हातातच राहिला.

लाल हेल्मेट. खाकी शर्ट. बुटका माणूस. मागं 'जय भीम'.

"अण्णासो," मी म्हणालो, "तुम्ही पुढं चाललाय."

त्यांनी बघितलं. आधी ते पांढरे पडले, मग लाल झाले. "माझी गाडी! माझा शर्ट बी घातलाय भाड्यानं! चोर हाय त्यो!"

चोर हा शब्द मागच्या सीटपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सगळी बस उठून उभी राहिली. कुणी ओरडलं, "अण्णा, घाला मागं!" कुणी खिडकीतून हात काढून रिक्षांना बाजूला सारायला लागलं. अण्णासोंनी उशी नीट केली आणि ॲक्सिलेटर दाबला.

जनता बझारचा स्टॉप आला. तिथं विठाबाई नावाची भाजी विकणारी म्हातारी उतरणार होती, तिची पाटी दारातच होती. मी घंटी मारायला दोरी धरली, तर तिनं माझा हात धरला.

"माझा स्टॉप जाऊ दे. आदी चोर धर."

बस स्टॉपवरून तशीच गेली. उभ्या पब्लिकनं आम्हाला शिव्या दिल्या. आमच्या पब्लिकनं खिडकीतून, "चोर हाय म्होरं!" असं उत्तर दिलं. क्रूझरवाला मात्र निवांत. हॉर्न वाजला की जरा कडेला व्हायचा, हात हलवून पुढं जा म्हणायचा, आणि आम्ही जवळ गेलो की पिळून पुन्हा लांब. मी अण्णासोंना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं, आणि खरं सांगतो, गाडी काय पळते हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर मधूनच अभिमानही दिसत होता.

एका गल्लीत मोटारसायकल वळली. आमचा रूट सरळ. अण्णासोंनी एकदाच माझ्याकडं बघितलं आणि बस गल्लीत घातली. दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या, वर कुणाच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर, ती आमच्या टपावर आली. पुढं क्रूझर एका फाटकापाशी थांबली. दोन्ही पाय टेकले. टाचांसकट.

बस थांबायच्या आत सात-आठ गडी उड्या टाकून उतरले आणि त्यांनी चोराला घेरलं. मागून अण्णासो बाह्या सारत आले. चोरानं शांतपणे हेल्मेट काढलं, आतला अंबाडा सरळ केला आणि समोरच्या भल्यामोठ्या बसकडं बघितलं.

"काय वो," तानूवैनी म्हणाल्या, "ह्यो तुमचा रूट न्हाय."

अण्णासोंचं तोंड उघडं. खाकी शर्टाखाली शिवानीची सलवार होती, ती आता सगळ्यांना दिसली. घेरून उभे असलेले गडी एकेक करून दवाखान्याची पाटी वाचायला लागले.

"तू... चालवतीस?" अण्णासो म्हणाले.

"पाच म्हैनं झालं. शेंडा पार्कात शिकवलं शिवानीनं."

"मला इचारलं का न्हाईस?"

"तुमी बाळासोस्नी एक राउंड दिला न्हाई सतरांदा मागून. मला दिला असता?"

मी मान खाली घातली. खोटं नव्हतं.

"तुमचं पाय टेकलं तवा तुमी लहान पोरागत नाचलासा," वैनी जरा हळू बोलल्या. "उंची तुमची न् माझी एकच हाय. मला वाटलं, माझं बी टेकत्याल."

अण्णासो गाडीकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "गल्लीत वळताना गिअर खाली टाकलावता?"

"दोन."

"बरोबर हाय," ते म्हणाले.

तेवढ्यात विठाबाई भाजीची पाटी कमरेवर घेऊन गर्दीतून पुढं आली. "बाई, तुज्यापायी माजा स्टॉप मागं ऱ्हायला. आता सोड मला."

वैनींनी तिला मागं बसवलं, पाटी मांडीवर दिली आणि दोघी निघून गेल्या. राहिलो आम्ही. बस मागं काढायला पाऊण तास लागला, आणि चादर ज्यांची होती त्यांनी तोवर आम्हाला जागचं हलू दिलं नाही.

डेपोत खुलासा मागितला. रूट सोडून बस गल्लीत का गेली? अण्णासोंनी दोन कागद फाडले, तिसऱ्यावर एवढंच लिहिलं, 'रस्त्यात मिसेस भेटल्या.' साहेबांनी तो कागद सगळ्या ऑफिसला वाचून दाखवला आणि आम्हा दोघांना महिनाभर सगळ्यात लांबच्या खेड्याच्या रूटवर टाकलं.

घरात वाटणी झाली. पहिल्या पाळीच्या आठवड्यात गाडी वैनींची, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात अण्णासोंची. खाकी शर्ट मात्र परत मिळाला नाही. तो धुळीला बरा पडतो असं वैनींचं म्हणणं.

त्या उन्हाळ्यात दोघं मुरगूडला वैनींच्या माहेरी एका बारशाला गेले. मीही बोलावण्यावरून एसटीनं गेलो होतो. वैनी पुढं, अण्णासो मागं, असे ते आले आणि आख्खी गल्ली दारात उभी राहिली. वैनींची चुलती धोंडुबाई, सत्तरीची, गाडीभोवती दोनदा फिरली, सीटवर हात दाबून बघितला.

"म्हशीपरीस बुटकी हाय की गं," ती म्हणाली. "मला बी बसीव."

वैनींनी तिला पार नदीपर्यंत फिरवून आणलं. ती परत आली तोवर दहा-बारा बायका पदर खोचून ओळीत उभ्या होत्या. पाळणा थांबला. बाळाची आईसुद्धा ओळीत होती. बाळ अण्णासोंच्या मांडीवर आलं होतं आणि ते कट्ट्यावर बसून तिसरा चहा पीत होते.

गाडी पुन्हा धडधडत निघाली. अण्णासो कान देऊन ऐकत होते. "टॉपला टाकली," ते बाळाला म्हणाले. बाळानं त्यांच्या बशीत हात घातला.