घरच्या घरात

मला माज्या सख्ख्या मामाला दिली. आमच्यात तशी रीतच व्हती. आईचा बाप, म्हंजी माजा आजा, तोच माजा सासरा झाला. लग्नाआधी आजा म्हणायची, लग्नानंतरबी आजाच म्हणत ऱ्हायले.

आजाकडं शिकारीची कारवानी कुत्री व्हती. लांब तोंडाची, बारीक कंबरंची. माळावरचा ससा त्यांच्यापुढं टिकायचा न्हाय. लांबलांबनं माणसं पिल्लू मागायला यायची. पर आजाचा कायदा एकच. घरची कुत्री घरच्याच कुत्र्याला लावायची. भावाला बहीण, बापाला लेक. बाहेरचं रगत आलं की धाव जाती, म्हणायचा.

माजं लगीन झालं त्या साली सात पिल्लं झाली. महिन्याची झाली की आजा त्यांच्या पाठीमागं बसून पितळी ताट पळीनं वाजवायचा. जे वळलं न्हाय ते टोपल्यात. टोपलं वढ्याकडं जायचं आन रिकामं यायचं. त्या साली दोन गेली. पुढच्या खेपंला सहातली चार. आजा म्हणाला, गाभण कुत्रीला गिरान लागलं.

तवा मला सहावा म्हैना व्हता. ते ताट घासताना माजा हात थांबायचा. एक दिवस भाकरी वाढताना म्या म्हनलं, आजा, कुत्रीला आता बाहेरचा कुत्रा बघा की.

"बाहेरची घाण कशाला? घरचं घरात बरं."

"मीबी घरातलीच हाय, आजा."

आजानं मोडलेला तुकडा तसाच हातात धरला. मंग म्हणाला, रझाकाराचे दिवस हायत, गावाबाहेर पाय ठिवायची सोय न्हाय. आन उठला.

पोरगी झाली. अंगानं चांगली, गुटगुटीत. बाया म्हणायच्या, लई शांत हाय, भांडं पडलं तरी दचकत न्हाय. त्या कौतुकानं म्हणायच्या. मी पाळण्याकडं बघायचं टाळायची.

चार म्हैन्याची झाली तवा एका दुपारी फळीवर ताट दिसंना. बाहेर आले तर आजा पाळण्याच्या उशाशी उभा. एका हातात ताट, एका हातात पळी. मला बघून हात खाली घेतला.

"वाजवा," म्या म्हनलं.

त्यानं वाजवलं. परड्यातली कुत्री भुकाया लागली. पोरगी आढ्याकडं बघत पाय हालवत व्हती. परत वाजवलं, जोरात. पाय हालतच व्हते.

म्या तिला उचलली आन भिंतीला पाठ लावून बसले. दारातनं वढ्याची वाट दिसत व्हती. आजानं ताट खाली ठिवलं. कुत्री माजावर आली व्हती, तिला दोरी लावली आन माकणी गावाच्या वाटंला लागला. त्या दिसांत त्या वाटंला कुणी जात नव्हतं. माजे मालक, म्हंजी मामा, आडवे गेले, तरी थांबला न्हाय.

तिसऱ्या दिवशी परत आला.

त्या खेपंला आठ पिल्लं झाली. महिन्यानं ताट म्याच वाजवलं, आजानं ते परत हातात धरलं न्हाय. आठीच्या आठी वळली. पोरगी माज्या मांडीवर व्हती, ती पिल्लांकडं बघून हासत व्हती.